कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व किती?

बाळाला तेल लावून सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यातून बाळाला ऊब मिळते, आजीला समाधान. ड जीवनसत्त्व मात्र जवळपास मिळतच नाही.

आपल्या त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. त्यावर २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण पडले की त्याचा एक बंध तुटतो आणि पुढे अंगाच्याच उबेने ड-३, म्हणजे ड जीवनसत्त्व, तयार होतं. सूर्य क्षितिजाजवळ असला की हे किरण हवेतून तिरके, लांबच्या रस्त्याने येतात आणि वाटेतच ओझोन त्यांना शोषून घेतो. ऊन लख्ख दिसतं, अंगाला लागतंही. पण कामाचे किरण त्यातून गळालेले असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली. ती आपल्या उंचीहून आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि त्वचेचं काम बऱ्यापैकी चालू आहे.

पुण्यात २१ डिसेंबरलाही भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये तो जेमतेम १५ अंशांवर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पावणेचारपट लांब पडते. म्हणूनच ब्रिटनमध्ये थंडीच्या महिन्यांत सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ड जीवनसत्त्व घ्यायला सुचवतात. तिथे राहणाऱ्या सावळ्या वर्णाच्या मंडळींनी तर ते वर्षभर घ्यावं, असा सल्ला आहे. त्वचेतलं मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य याच किरणांना अडवतं.

आपल्याकडे सूर्याची वानवा नाही, पण अकरा ते दोन आपण असतो कुठे? ऑफिसात, वर्गात, गाडीच्या काचेआड. काचेतून अतिनील-ब जवळजवळ येत नाही, त्यामुळे खिडकीशी बसून ऊन खाणं फुकट. ताटातही हे जीवनसत्त्व फारसं नसतं. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांत असतं. शाकाहाऱ्यांनी दुधाच्या पिशवीवर ‘+एफ’ची खूण बघावी, त्या दुधात ते वरून घातलेलं असतं.

१९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार, झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडला आणि त्यांची हाडं भरून आली. गंमत म्हणजे प्रकाश एकाच हातावर पाडला तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे त्वचेत बनलेलं काहीतरी रक्तातून अंगभर फिरत होतं!

त्वचेला थांबायचंही कळतं. उन्हात जास्त वेळ राहिलं तर तेच ऊन जादा माल मोडून निरुपयोगी पदार्थांत बदलतं. त्वचा काळवंडेल, भाजेल. ड जीवनसत्त्व मात्र अति होणार नाही. औषधाच्या दुकानातल्या ६०,००० युनिटच्या पाकिटाला असा लगाम नाही. ते चरबीत साठतं. डॉक्टरांनी आठवड्याला एक लिहून दिलेलं पाकीट काही जण रोज घेतात. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, सतत तहान आणि शेवटी मूत्रपिंडाला त्रास. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिटच्या आसपास आहे, हा आकडा शेजारी ठेवला की पाकिटाची ताकद कळते.

आणि कमतरता नसताना घेऊन फायदा काय? अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० युनिट देऊनही कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण घटलं नाही. हाडं मोडण्याचंही नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हे खरं. पण ‘थकवा आलाय, ड घे’ असं एकमेकांना सुचवणाऱ्यांपैकी किती जणांनी आपली पातळी तपासलेली असते?

शिवाय ड जीवनसत्त्व एकट्याने हाडं बांधत नाही. ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम उचलायला लावतं. ते कमी पडलं तर त्यातलं १० ते १५ टक्केच शोषलं जातं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. पण उचलायला पोटात कॅल्शियम तर हवं. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तिळात त्याहून जास्त. पालकात असतं खरं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं. तेव्हा गोळी चालू असली तरी भाकरी, दही आणि तिळाची चटणी ताटात राहू द्या.