स्पॅनिश शब्द कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा

(आमच्या पहिल्या पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी)

वर्गात नवीन आलेले बहुतेक जण स्पॅनिश शब्द वहीत देवनागरीत उतरवून घेतात. सोय होते खरी, पण 'पापा' लिहिलं की गाडी अडते. पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत तो बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. देवनागरीत दोघे सारखेच. स्पॅनिशमध्ये बाबांच्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते, तिला तिल्दे म्हणतात. ती गाळली की स्पेलिंग चुकलं.

आधी तुकडे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: का-सा (घर). दोन असतील तर एकेक वाटून द्यायचं: 'कार्ता' (पत्र) म्हणजे कार-ता. इथे शाळेतले लघु-गुरू आठवा. 'सत्य'मधला 'स' गुरू होतो, कारण जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो. तोच कान इथे कामी येतो. मात्र प, ब, फ, क, ग यांच्यामागून र किंवा ल आला, किंवा त, द यांच्यामागून र आला, तर जोडी फोडायची नाही: मा-द्रे (आई), आ-ब्लार (बोलणे). म्हणजे 'पुत्र'मध्ये 'पु' गुरू धरायची सवय इथे सोडायची. त आणि ल यांच्याबद्दल खुद्द स्पॅनिश बोलणाऱ्यांचंच एकमत नाही. 'आत्लेता' (धावपटू, खेळाडू) स्पेनमध्ये बहुधा आत-ले-ता, मेक्सिकोत आ-त्ले-ता. दोन्ही बरोबर.

स्वरांत आ, ए, ओ हे दांडगे. शेजारी बसले तरी आपापला तुकडा राखतात: ते-आ-त्रो (नाट्यगृह). इ आणि उ शेजाऱ्यात मिसळून जातात, म्हणून ब्वे-नो (चांगला) दोनच तुकड्यांचा. पण इ किंवा उ वर तिल्दे असली की तेही वेगळे होतात. मारियोचे दोन तुकडे, मा-र्यो; मारीआचे तीन, मा-री-आ.

आता जोर. शब्द स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने संपत असेल तर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर: बार्सेलोनात 'लो'वर. इतर व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्यावर: माद्रिदमध्ये 'द्रिद'वर. हा नियम मोडतो तिथे तिल्दे येते: बोगोतात 'ता'वर, कोर्दोबात 'कोर'वर.

आमची सगळ्यात जास्त लाल शाई अनेकवचनात खर्च होते. 'खोबेन' (तरुण) 'न'ने संपतो, जोर 'खो'वर, तिल्दे नको. अनेकवचन 'खोबेनेस', जोर 'खो'वरच राहतो, पण तो आता शेवटून तिसरा, म्हणून तिल्दे हवी. 'कान्स्योन' (गाणं) याच्या उलट: एकवचनात तिल्दे आहे, 'कान्स्योनेस' झालं की जाते. पाठ करू नका, तुकडे मोजा.

पुढच्या तासाला येताना शब्द रोमन लिपीतच लिहून आणा आणि जोराच्या तुकड्याखाली रेघ मारा. कॅपिटल अक्षरांवरही तिल्दे द्यावीच लागते.