भिंतीवरचा आरसा काढायचाय? आधी कोपरा उचकटू नका

आधीच्या मालकांनी हौसेने लावलेला भिंतभर आरसा नव्या घरमालकाला बऱ्याचदा नकोसा होतो. बेडरूममध्ये रात्री दचकायला होतं, हॉलमध्ये सोफा लावायला भिंत उरत नाही. "काढायला कितीसा वेळ लागतो?" असं आम्हा आरसे उतरवणाऱ्यांना सगळेच विचारतात. पण तो बसवलाय कसा हे कळल्याशिवाय याचं खरं उत्तर देता येत नाही.

चार स्क्रू आणि त्यांवर गोल टोप्या दिसत असतील तर काम पटकन होतं. आरसा प्लायवर चिकटवून प्लाय भिंतीला स्क्रूने मारला असेल तरी ठीक, आम्ही प्लायसकट उतरवतो. वेळ लागतो तो थेट भिंतीला सिलिकॉनने किंवा डबल टेपने चिकटवलेल्या आरशाला. हे तुम्हाला घरीच तपासता येईल. जाडसर कागदाची लांब पट्टी कापा आणि काठाच्या फटीतून आरशामागे अलगद सरकवा. ती जिथे अडते, तिथे चिकट आहे. सगळीकडून फिरवून पाहिलंत की चिकटवल्याच्या जागा साधारण कळतात. फोनवर एवढं सांगितलंत तर आम्ही योग्य हत्यारं घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते.

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं ते. आम्ही पोहोचण्याआधी घरातल्या कोणीतरी कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घालून "जरा हलतोय का" हे बघितलेलं असतं. कृपया हे करू नका. काच सगळ्यात कमजोर असते ती काठाला. तिथे तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला तरी पुढचा ताण नेमका त्याच जागी गोळा होतो. मध्यंतरी एका घरी असाच खालच्या कोपऱ्यातला टवका आमच्या नजरेतून सुटला. आरसा सोडवायला त्यामागून ओढत आणलेली तार अर्ध्यावर आली आणि 'टिच्च' असा आवाज होऊन तडा खालून थेट वरच्या काठापर्यंत गेला. तासाभराचं काम अर्ध्या दिवसावर गेलं. तुकडा तुकडा सुटा करावा लागला आणि संध्याकाळपर्यंत फरशीवरून बारीक कण टिपत बसलो. आरशाची काच बहुतेक वेळा साधी असते, टफन्ड (खास मजबूत केलेली) नसते. फुटली की सुरीसारखे लांब तुकडे पडतात.

स्क्रूही आधी काढून ठेवू नका. "तुमचं काम हलकं केलं" असं म्हणून लोक ते प्रेमाने काढून ठेवतात, पण मग सगळा भार जुन्या चिकटावर येतो. सहा बाय चार फुटांचा, 5 मिमी जाडीचा आरसा जवळजवळ 28 किलो भरतो. म्हणूनच आमची दोन माणसं येतात. एका माणसात भागवा असा आग्रह होतो, पण त्यात आम्ही तडजोड करत नाही.

कामाची पद्धत अशी. आधी आरशावर आडवी-उभी टेप मारतो, म्हणजे फुटलाच तरी तुकडे जागेवर राहतात. मग पृष्ठभाग हळूहळू, सगळीकडे सारखा गरम करून चिकट मऊ करतो (एकाच जागी उष्णता दिली की काच तडकते) आणि मागून बारीक तार दोघांनी धरून करवतीसारखी ओढत खाली आणतो. सुटलेल्या भागात लाकडी पाचरा बसवत जातो. याला वेळ लागतो, पण घाई केली तर काच जाते. आरसा अखंड निघेल अशी हमी आम्ही देत नाही आणि भिंतीची पुट्टी, क्वचित प्लास्टरही, सोबत येऊ शकतं हे आधीच सांगतो. रंगाच्या आधी आरसा उतरवून घ्या. रंग झाल्यावर बोलावलंत तर तेवढा पट्टा पुन्हा रंगवावा लागेल.

भाड्याचं घर असेल तर मालकांची परवानगी घेतल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. तिथे दुधी फिल्म लावणं बरं: साबणाच्या पाण्यावर बसते आणि जाताना सोलून काढता येते. वर रॉड टाकून पडदा सोडला तरी चालतं. आरशावर थेट रंग मारू नका, काही दिवसांत पापुद्रे सुटतात.

अखंड उतरलेला आरसा टाकून देण्याची घाई नको. काठावरचे काळे डाग कापून उरलेल्या भागातून कपाटाच्या दारामागचा किंवा बेसिनवरचा आरसा छान होतो. कापून, काठ घासून तो आम्हीच बसवून देतो. फुटलेला असेल तर जाड कागदात गुंडाळून त्यावर 'काच' असं ठळक लिहा आणि बाटल्यांच्या काचेत मिसळू नका, कारण मागच्या लेपामुळे ती त्यांच्याबरोबर वितळवता येत नाही.

फोन करताना आरशाची लांबी-रुंदी, कागदाची पट्टी कुठे अडली आणि आरशाच्या आसपास दिवा किंवा स्विचबोर्ड आहे का, एवढं सांगा. आणि कोपऱ्याला आधीच कोणी हात लावला असेल तर तेही संकोच न करता सांगा. आम्ही रागावणार नाही, फक्त टेप जास्त घेऊन येऊ.