घुमटाचं तोंड आणि कानातलं बूच

गणेश चवथीला भाचा गोव्यात फोंड्याला आला तो कानात घालायचे दोन इअरफोन घेऊन. एक दोन हजारांचा, दुसरा चाळीस हजारांचा. 'मामा, फरक कळतो का बघ,' म्हणाला. परीक्षेला मी आमच्या वाड्यावरच्या घुमट आरतीचं, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीनं म्हटलेल्या आरतीचं, ध्वनिमुद्रण लावलं.

महागडा कानात घातला आणि घुमटाचा घुमारा गायब! शामेळाचा ढोल कडाडतोय, कांसाळी म्हणजे झांजा टोचतायत, पण घुमट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. स्वस्तातला त्यापेक्षा बरा.

घुमट वाजवणाऱ्याचे हात कधी नीट पाहिलेत? मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर कातडं, मागचं लहान तोंड उघडं. उजव्या हाताची थाप पडते आणि डावा तळवा त्या लहान तोंडाशी उघडझाप करत असतो. आतल्या हवेला वाट किती, यावर खर्ज बदलतो. इअरफोनचंही दुखणं वाटेचंच, फक्त इथे वाट अजिबात नको. इअरफोनच्या टोकाची रबरी टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये अडकलेली हवा जेमतेम एक घन सेंटिमीटर, किंवा त्याहूनही कमी. खर्जाचे सूर म्हणजे त्या हवेची संथ दाबादाबी. केसाएवढी फट राहिली तरी दाब तिथून निसटतो. वरचे सूर इतके भराभर हेलकावतात की दाबाला निसटायला सवडच मिळत नाही, म्हणून ते शाबूत राहतात.

वरच्या सुरांची गंमत वेगळी. कानाची नळी सुमारे 25 मिलिमीटर लांब. उघडी असताना ती 3000 हर्ट्झच्या आसपासचे सूर आपोआप उचलून धरते. बूच बसलं की ही नैसर्गिक उचल जाते, ती बनवणाऱ्याला इअरफोनमध्येच घालावी लागते. शिवाय बंद नळीचा नवा अनुनाद 6000 ते 8000 हर्ट्झच्या पट्ट्यात उगवतो आणि टिप किती आत गेली त्याप्रमाणे सरकतो. म्हणून गाण्याच्या शब्दांतला 'स'चा उच्चार एकाला गोड लागतो, दुसऱ्याला बोचतो. दोघंही खरंच बोलत असतात!

आणखी एक फसगत म्हणजे आवाजाची पातळी. फोनवरचा आकडा तोच ठेवला तरी स्वस्तातला जरा मोठ्याने वाजत होता. आवाज कमी झाला की कानाला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. एखाद्या डेसिबलचा फरक आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना मी तरी मानत नाही. आत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवलेसे भाग, किती, हा जाहिरातीतला लाडका प्रश्न मग फार मागे पडतो.

भाच्याच्या डबीतली मोठी टिप मी डाव्या कानात बसवली, पातळी जुळवली, आरती पुन्हा लावली. घुमट परत आलं, थापेमागून डाव्या तळव्याची उघडझापसुद्धा वेगळी कळायला लागली. ती स्वस्तातल्या इअरफोनमध्ये कळत नव्हती.

उजव्या कानाला मात्र मधलीच टिप लागली. माझे दोन्ही कान एका मापाचे नाहीत, हे साठीत कळलं.