आंघोळ आजींची, दमछाक मावशींची

स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना आंघोळ घालणं हे वृद्धाश्रमातलं सगळ्यांत अवघड काम. परके हात कपडे काढतात, अंगाला गारठा झोंबतो आणि डोक्यावर अचानक पाणी पडतं. आजी घाबरून ओरडतात, बोचकारतात, मारतात. मार खाल्लेली मावशी पुढच्या खोलीत जाते तेव्हा तिच्या हातांना आणखी घाई झालेली असते.

माणूस आजाराइतकाच आपल्या वागण्यामुळेही बिथरतो, हे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी 1990च्या दशकात ठासून मांडलं. व्यक्तिकेंद्री शुश्रूषेची, म्हणजे आजाराआधी माणूस आणि त्याच्या सवयी पाहणाऱ्या शुश्रूषेची, मुळं तिथे आहेत. तिची नीट परीक्षा झाली ती मात्र न्हाणीघरात. अमेरिकेतल्या ऑरेगन आणि नॉर्थ कॅरोलिना इथल्या 15 शुश्रूषागृहांत 73 रहिवासी आणि त्यांना आंघोळ घालणारे 37 मदतनीस यांच्यावर एक प्रयोग झाला. तो 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन पद्धती होत्या. एक, शॉवरच, पण त्या माणसाच्या सवयीनुसार. दुसरी, पलंगावरची टॉवेल-आंघोळ. दोन्हींमुळे मारहाणीचे प्रसंग निम्म्याहून जास्त घटले: शॉवरने 53 टक्के, टॉवेलने 60 टक्के. त्वचा सुधारली आणि जंतूही वाढले नाहीत.

टॉवेल-आंघोळीला लागतं फार थोडं. सुमारे 2 लिटर कोमट पाण्यात नंतर पाण्याने धुवून काढावा लागत नाही असा साबण मिसळायचा, त्यात मोठा टॉवेल भिजवून पिळायचा. पांघरूण सरकवत सरकवत तोच अंगावर पसरायचा, म्हणजे माणूस क्षणभरही उघडा पडत नाही. टॉवेलवरूनच हलकं चोळायचं, मग कुशीवर वळवून पाठ. फसतं ते दोन ठिकाणी: टॉवेल निथळता राहिला की गादी भिजते, आणि हात रेंगाळला की तो गार होतो. (साधा साबण वापरला तर फेस अंगावर राहून खाज सुटते, ते वेगळंच.)

मदतनिसांवरचा परिणामही मोजला गेला. त्यांचा स्पर्श मृदू झाला, आंघोळ घालताना बोलणं वाढलं आणि काम सोपं वाटू लागलं. कारण उघड आहे: मार कमी बसतो, आणि काय करायचं ते थोडंफार स्वतः ठरवता येतं. कामाचा बोजा जास्त आणि ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी माणसाला सर्वाधिक पिळते, असं कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्येच मांडलं होतं.

यावरून ‘व्यक्तिकेंद्री पद्धत आणा, कर्मचारी खूश होतील’ असं म्हणणं मात्र घाईचं. या विषयावरचे बरेच अभ्यास एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत. समाधानी मावशी मुळातच मायेने वागत असेल, तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यातून कळत नाही. शिवाय प्रशिक्षण दिलं, पण सकाळी नऊच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकायचा नियम तसाच ठेवला, तर ताण उलट वाढतो. योग्य काय ते कळतं आणि करता येत नाही. ही टोचणी मोजायला स्वीडनमध्ये खास प्रश्नावलीच तयार झाली आहे.

म्हणून सुरुवात वेळापत्रकापासून करावी. आजींच्या घरी संध्याकाळी आंघोळीची सवय असेल तर संध्याकाळीच. मावशी शक्यतो तीच ठेवावी. दर आठवड्याला मजला बदलला की शिकलेलं सगळं वाया जातं. आणि बदलीवर येणारीसाठी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा: पाणी किती गरम, केस आधी की शेवटी, कोणता खांदा दुखतो, कोणत्या नावाने हाक मारायची.