ताक, सोडा आणि आयरिश पाव

मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डे जवळ आला की आयरिश सोडा ब्रेडचे, म्हणजे यीस्टऐवजी खायच्या सोड्याने फुगवलेल्या पावाचे, व्हिडिओ फिरू लागतात आणि 'केल्टिक लोकांची हजारो वर्षांची परंपरा' हे शेपूट हमखास जोडलेलं असतं. खायचा सोडा आयर्लंडमधल्या घरांत रुळू लागला तोच मुळी १८३०च्या दशकापासून. त्याआधी तव्यावरच्या ओटच्या भाकऱ्या होत्या, आणि गरिबाच्या ताटात बटाटाच बटाटा.

सोडा तिथे एवढा का रुजला? थंड, दमट हवेतला तिथला गहू मऊ, कमी प्रथिनांचा. यीस्ट सावकाश, तासन्‌तास वायू सोडतं. तेवढा वेळ तो धरून ठेवायला ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांची, चिवट जाळी लागते, आणि या पिठात नेमकी तीच दुबळी. सोड्याचं काम तडकाफडकी. लोणी काढून उरलेलं आंबट ताक घरात असायचंच. त्यातलं लॅक्टिक आम्ल सोड्याला भिडलं की लगेच कार्बन डायऑक्साइड! ५ ग्रॅम सोड्यातून, आम्ल पुरेसं असेल तर, १.४ लिटरच्या आसपास वायू निघतो.

खरी गंमत हिशेबात आहे. आम्लाशी क्रिया झाली तर सोड्याच्या एका रेणूमागे वायूचा एक रेणू सुटतो आणि मागे सोडियम लॅक्टेट राहतं. आम्ल कमी पडलं की उरलेला सोडा उष्णतेने फुटतो. मग दोन रेणूंमागे वायूचा एकच रेणू, आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा. पावाला पिवळट रंग आणि साबणासारखी चव येते ती त्यामुळेच. चमचा उदारपणे भरून काही साधत नाही.

वायू लगेच सुटतो, म्हणून मळत बसायचं नाही. बोटांनी जेमतेम गोळा करायचा आणि बॅस्टिबलमध्ये टाकायचा. हे झाकणाचं बिडाचं भांडं टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाच्या विस्तवावर टांगायचं आणि झाकणावरही निखारे रचायचे.

गोळ्यावर आधी सुरीने खोल फुली मारतात. पऱ्यांना बाहेर पडता यावं म्हणून, असं सांगतात. पऱ्यांचं पऱ्यांना ठाऊक. जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत आच पोचायला आणि कवच वेडंवाकडं न फाटता पाव फुलायला ती चीर उपयोगी पडते. 'यीस्ट नाही, म्हणजे ग्लुटेनही नाही' हा नवा समज तर पऱ्यांहून वाईट. गव्हाचा पाव आहे, ग्लुटेन असणारच.

हा पाव लवकर शिळा होतो. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, तोच गोळा चपटा थापून, चार तुकडे करून तव्यावर भाजतात. त्याला फार्ल म्हणतात, आणि उरलेले फार्ल सकाळी बेकनच्या चरबीत तळून न्याहारीला घेतात.