रस्त्यापर्यंत येऊन परत फिरणारे प्राणी

एखाद्या महामार्गावर मेलेली जनावरं फारशी दिसत नसतील, तर तो वन्यजीवांसाठी सुरक्षित आहे असं समजू नये. बऱ्याचदा गोष्ट नेमकी उलटी असते. मध्यम वर्दळीच्या रस्त्यावर प्राणी पलीकडे जायचं धाडस करतात आणि गाडीखाली येतात. वर्दळ दिवसाला १०,००० वाहनांच्या पुढे गेली, की बहुतेक प्राणी तो नाद सोडतात. हिशेब करून पाहा: २४ तासांत १०,००० वाहनं म्हणजे सरासरी साडेआठ सेकंदांना एक. त्यात हॉर्न, दिव्यांचे झोत आणि उंच दुभाजक धरलेलेच नाहीत.

मेलेलं हरीण मोजता येतं, माघारी फिरलेलं कसं मोजणार? त्याचा पत्ता लागतो जनुकांमध्ये. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी डोंगरांतल्या रानमेंढ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. महामार्ग आणि कालव्यांमुळे एकट्या पडलेल्या कळपांची जनुकीय विविधता जेमतेम ४० वर्षांत १५ टक्क्यांपर्यंत घटली होती. त्याच राज्यातल्या सांता मोनिका डोंगरांत रस्त्यांनी कोंडलेल्या प्यूमांपैकी (मांजरकुळातला मोठा शिकारी प्राणी) एकाची शेपटी टोकाला वाकडी असल्याचं २०२० साली दिसलं. जवळच्या नात्यात प्रजनन होत राहिल्याची ही खूण. खरं तर पिढीमागे दोन-चार नर जरी पलीकडून आले, तरी बरंच भागतं. पण तेवढेही येत नाहीत.

रेल्वेचं जरा वेगळं आहे. दोन गाड्यांच्या मध्ये ओलांडायला भरपूर वेळ मिळतो, पण कासवाला त्याचा काय उपयोग? फाटकापाशी किंवा खडी उंच असेल तिथे ते रुळांच्या मध्ये उतरतं आणि मग त्याला रूळ चढून बाहेर येता येत नाही. ते रुळांमधून चालत राहतं, उन्हात भाजून मरतं किंवा सांध्यात अडकतं. जपानमध्ये यावर रुळांखालून आडवे उथळ चर काढले. कासव चरात पडतं आणि बाजूने बाहेर निघतं. इतका साधा उपाय!

मंगोलियात मात्र रुळांपेक्षा कुंपणच नडलं. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या तारांमुळे चाऱ्याच्या शोधात शेकडो किलोमीटर भटकणारी रानगाढवं आणि गॅझेल हरणं एकाच बाजूला अडकून पडली.

महामार्गावर मात्र कुंपण लागतंच, पण प्राण्यांना ओलांडण्यासाठी बांधलेल्या पूल आणि भुयारांच्या जोडीला. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानात अशी ४४ बांधकामं आहेत आणि तिथे मोठ्या सस्तन प्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. आपल्याकडे पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून जाणारे वाघ कॅमेऱ्यांनी टिपले आहेत.

बान्फमध्ये एक गंमत कळली. ग्रिझली अस्वलं, लांडगे आणि एल्क जातीची मोठी हरणं यांना रुंद, मोकळे पूल पसंत पडतात; काळी अस्वलं आणि प्यूमा अरुंद, अंधाऱ्या वाटा धरतात. शिवाय ग्रिझलींना या पुलांची सवय व्हायला काही वर्षं गेली. त्यामुळे पूल झाल्यावर वर्षभरातच ‘इथे कोणी फिरकत नाही’ असा अहवाल आला, तर तो बाजूला ठेवावा आणि कॅमेरे तसेच चालू राहू द्यावेत.