पेन दिसत असताना ‘धिस इज अ पेन’ कशाला?

इंग्रजीच्या पुस्तकात मुलांनी रमावं, ही अपेक्षा तशी अलीकडची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. नियम, शब्दार्थ, मग भाषांतराला सुटी सुटी वाक्यं. मॅट्रिक व्हायचं, नोकरी धरायची. गोडीचा प्रश्न येतो कुठे?

१९२०च्या दशकात ढाक्यात शिकवणाऱ्या मायकेल वेस्टना तो पडला. बरीच बंगाली मुलं शाळा अर्ध्यावर सोडत; तोवर निदान वाचता तरी यावं, असं त्यांचं म्हणणं. पण वाचनाच्या पुस्तकात पावलोपावली नवा शब्द आडवा येई. वेस्टनी नवे शब्द मोजकेच ठेवले, तेच पुन्हापुन्हा आणले, आणि गोष्ट पुढे सरकू दिली. १९५३ची त्यांची नेहमीच्या वापरातल्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी याच वाटेवरची.

पुढे वाक्यरचनांचे साचे पायरीपायरीने घटवून घेण्याची पद्धत आली आणि गोष्ट मागे पडली. ‘धिस इज अ पेन.’ पेन समोर दिसतंय, मग सांगायचं काय? त्यात स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर ढकलली गेली होती. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाने पेन, टेबल, खुर्ची ओळखत बसायचं! वय एकीकडे, भाषा दुसरीकडे. पुस्तक कंटाळवाणं व्हायला आणखी काय लागतं? पुढे महाराष्ट्रात ती पाचवीला आली, तेव्हा ही दरी थोडी कमी झाली, इतकंच.

१९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी शाळांमधल्या आपल्या बंगळूरच्या प्रकल्पात हे साचेच बाजूला ठेवले. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काही ठेवायचं आणि उत्तर शोधायला लावायचं. डोकं कोड्यात गुंतलं की भाषा नकळत अंगवळणी पडते, हा त्यामागचा विचार. मला तो आजही पटतो.

महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना २०००पासून पहिलीलाच इंग्रजी आली. सहा वर्षांच्या मुलाला ‘धिस इज अ पेन’ चालत नाही; त्याला गाणं लागतं, चित्र लागतं, टाळ्या वाजवायला लागतात. बालभारतीच्या पुस्तकांत हे सगळं आलं. पण गाणं पानावर मुकंच असतं. ते म्हणायचं बाईंनी किंवा गुरुजींनी, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांची इंग्रजी पाचवीत त्याच पेनापासून सुरू झालेली.